परदेशात नोकरी, पण व्हिसा फिरायचा? एजंटाला पैसे देण्याआधी एवढं तपासाच

सांगोला : पोटासाठी गाव सोडणं माणदेशाला नवीन नाही. गलाईच्या धंद्यासाठी इथली माणसं पिढ्यान् पिढ्या परराज्यात जात आली. तिथं जायला रेल्वेचं तिकीट पुरायचं. आता पोरं दुबई, सौदी, कतारची वाट धरतात, तिथं मात्र तिकिटाआधी व्हिसा लागतो. नेमकं इथंच फसवणूक होते. "व्हिसा आला" असा मेसेज मोबाईलवर येतो, घरचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले जातात, आणि तिकडं उतरल्यावर कळतं की व्हिसा कामाचा नव्हताच, फिरायला येणाऱ्यांचा होता.

व्हिसा कोणता, हे आधी बघा

व्हिसा म्हणजे त्या देशात येण्याची परवानगी. ही परवानगी कशासाठी आहे, हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा असेल, तर फिरा, नातेवाईकांना भेटा आणि ठरलेल्या मुदतीत परत या. त्यावर पगारी काम करणं बेकायदा आहे. कामासाठी एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागतो.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीकडे, नोकरीसाठी आधी कंपनी प्रवेश परवाना काढते. माणूस तिकडं पोचला की वैद्यकीय तपासणी होते, 'एमिरेट्स आयडी' नावाचं ओळखपत्र मिळतं आणि साधारण २ वर्षांचा राहण्याचा परवाना होतो. सौदीत अशाच ओळखपत्राला 'इकामा' म्हणतात.

"आधी व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो" असं एजंट म्हणाला, तर सावध व्हा. व्हिसा बदलला नाही आणि मुदत संपली, तर अमिरातीत दर दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो. शिवाय पगार थकला तरी तक्रार करायला हातात कागद नसतो, कारण नोंदीप्रमाणे तुम्ही तिथं कामाला गेलेलेच नसता.

दहावी पास नसेल तर ही पायरी चुकवू नका

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा 'ईसीआर' अशी नोंद असते. असा पासपोर्ट घेऊन सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं असेल, तर भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातला हा नियम आहे. ही मंजुरी 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवरून मिळते.

बऱ्याच जणांना ही कटकट वाटते, पण ती कामगाराच्या भल्याची आहे. मंजुरी घेताना मालक कोण, काम कोणतं, पगार किती, याची सरकारकडे नोंद होते. सोबत 'प्रवासी भारतीय बीमा योजने'चा विमाही निघतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचं संरक्षण असतं. हप्ता २ वर्षांसाठी २७५ आणि ३ वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर.

व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणूनच बोगस एजंटांना हा रस्ता सोयीचा पडतो. नोंद नाही, करार नाही, विमा नाही. पुढं काही झालं, तर एजंट हात वर करायला मोकळा.

एजंट खरा की खोटा?

परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो. परवाना नंबर मागा आणि ई-मायग्रेट पोर्टलवरच्या यादीत तपासा. तो गावातलाच, पै-पाहुण्यातला असला तरी विचारायला लाजू नका. "मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस" असं सांगणाऱ्या सबएजंटाला असा वेगळा परवाना नसतो, त्याच्या हातात पैसे देऊ नका.

परवानाधारक एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. दीड-दोन लाख मागणारा नियम मोडतोय, हे समजून घ्या. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा असतो.

घरची कागदपत्रं आधी जुळवा

पासपोर्टसाठी अर्ज आणि फी ऑनलाईन भरायची. १० वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. पोलीस पडताळणी आपल्याच पोलीस ठाण्यामार्फत होते. शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यावर नाव, आडनाव, जन्मतारीख एकच पाहिजे. एका कागदावर 'बापू' आणि दुसऱ्यावर 'बापूराव' असलं, तरी काम अडकू शकतं. चूक असेल तर ती अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

जर्मनी, अमेरिकेचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. पण करार झाला म्हणजे व्हिसा मिळाला असं होत नाही. व्हिसा जर्मन वकिलातच देते. युरोपचा साधा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहण्यापुरताच असतो. त्याहून जास्त दिवस काम किंवा शिक्षणासाठी राहायचं, तर जर्मनीचा 'डी' प्रकारचा व्हिसा लागतो. आपल्या कामाला जर्मन भाषेची कोणती पातळी लागते, हे आधीच विचारून घ्या.

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांची वेगळीच गल्लत होते. व्हिसा १० वर्षांचा असतो, पण त्याचा अर्थ सलग १० वर्षं राहता येतं असा नाही. एका फेरीत किती दिवस राहायचं, हे तिथं उतरल्यावर अधिकारी ठरवतो, बहुधा ६ महिने. ती तारीख 'आय-९४' या नोंदीत असते. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहून परतलात, तर पुढची ३ वर्षं तिथं प्रवेश बंद होऊ शकतो.

निघण्याआधी

व्हिसा, करार, पासपोर्ट आणि पैशांच्या पावत्या यांचे फोटो घरच्यांच्या मोबाईलवर ठेवा. कंपनीचं नाव, पत्ता आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर घरी लिहून ठेवा. शंका असेल तर १८००-११-३०९० या टोल फ्री नंबरवर प्रवासी भारतीय सहायता केंद्राला विचारता येतं. हा फोन पैसे देण्याआधी करा. पैसे गेल्यावर नुसती तक्रार हातात राहते.