एचआयव्हीचा पहिला मोठा हल्ला आतड्यावर! उपचार लगेच सुरू करणं का गरजेचं?

एचआयव्ही म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'सीडी४ किती?' रोगप्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या या पेशी रक्तातून मोजल्या जातात. पण रक्तातला आकडा ठीकठाक दिसत असतानाही आतड्यात मोठं नुकसान होऊन गेलेलं असू शकतं.

आतडंच का?

आतडं आणि जननमार्गाच्या आतल्या ओलसर अस्तराला श्लेष्मल पटल म्हणतात. बाहेरच्या जंतूंशी इथे रोजच गाठ पडते. त्यामुळे शरीराच्या पहारेकरी पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्यातच असतो. रक्तात त्यांचा अगदी छोटा हिस्सा फिरत असतो.

पेशीत शिरायला एचआयव्हीला सीडी४ सोबत बहुतेकदा सीसीआर५ हे प्रथिनही लागतं. आतड्यातल्या बहुतांश सीडी४ पेशींवर हे दोन्ही असतात. म्हणजे विषाणूला आयतंच दार उघडं!

नुकसान किती लवकर होतं?

१९९८ मध्ये संशोधकांनी एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूची, एसआयव्हीची, लागण झालेल्या माकडांचा अभ्यास केला. काही आठवड्यांतच त्यांच्या आतड्यातल्या सीडी४ पेशी झपाट्याने संपल्या होत्या. २००४ मध्ये माणसांमध्येही हेच दिसून आलं.

या काळात काहींना ताप किंवा पुरळ येतं. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही.

पुढे काय होतं?

नष्ट होणाऱ्या पेशींमध्ये 'टीएच१७' पेशीही असतात. आतड्याचं अस्तर धड ठेवण्याचं काम त्या करतात. त्या कमी झाल्या की भिंत झिरपू लागते आणि आतड्यातल्या जीवाणूंचे अंश रक्तात उतरतात. २००६ मध्ये हे संशोधनातून पुढे आलं.

मग रोगप्रतिकारक यंत्रणा सतत चेतवलेली राहते. शरीरात कायमचा दाह राहतो. एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढण्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

उपचारांनी हे भरून निघतं का?

एआरटी औषधं नियमित घेतली तर विषाणू दबतो आणि रक्तातल्या सीडी४ पेशी वाढतात. आतड्यातली भरपाई मात्र हळू होते, अनेकदा अपुरीच राहते. म्हणून उपचार जितके लवकर, तितकं बरं.

पूर्वी सीडी४ ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत औषधांसाठी थांबावं लागायचं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०१७ पासून भारतातही निदान होताच, सीडी४ कितीही असले तरी, उपचार दिले जातात.

सरकारी केंद्रांत तपासणी आणि एआरटी औषधं मोफत मिळतात. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. लक्षणांची वाट पाहू नका. लक्षणं दिसेपर्यंत आतड्यातले पहारेकरी कमी झालेले असू शकतात.