जुनी इंजिने आणि हौशी हात

झांशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चिरगांव हे एक लहान गाव लागते. हिंदीतील थोर कवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे जन्मस्थान म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कवीचे ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतात, ते पुन्हा छापताही येतात. परंतु ज्या वाफेच्या इंजिनांनी ह्याच मार्गावरून दोन-तीन पिढ्यांची माणसे वाहून नेली, त्यांचे काय करावयाचे? भारतातील रुंदमापी मार्गांवर ह्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. निकाली काढलेले इंजिन लिलावात जाते आणि तेथे त्याची किंमत वजनावर ठरते. लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला यार्ड मोकळे करावयाचे असते. मात्र १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी नेणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांपैकी आज एकही उपलब्ध नाही, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

स्थानकासमोर चौथरा बांधून त्यावर रंगवलेले इंजिन उभे केले की ते जतन झाले, असा एक समज आहे. वस्तुतः अशा इंजिनाचा नाश तेथेच सावकाश सुरू होतो. धुराड्यातून पावसाचे पाणी आत उतरते, राखेच्या थरात मुरते आणि पत्रा आतून खाऊ लागते. बाहेरचा रंग दरवर्षी नवा होत असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पितळी तोट्या आणि दाबमापके तर पहिल्या काही वर्षांतच नाहीशी होतात.

असे इंजिन पुन्हा चालते करावयाचे म्हणजे बॉयलर उघडावा लागतो. त्यातील शेकडो नळ्या काढून नव्या बसवावयाच्या, पत्र्याची जाडी जागोजाग मोजावयाची, मग पाणी भरून दाबाची परीक्षा घ्यावयाची. भट्टीच्या माथ्यावर मऊ, लवकर वितळणाऱ्या धातूची एक डाट असते. बॉयलरमधील पाणी धोक्याच्या खाली गेले तर ती वितळते आणि वाफ भट्टीत शिरून चालकाला सावध करते. चाकांचे काम बैलगाडीसारखेच आहे. लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळतो. इंजिनाच्या चाकावरील पोलादी धावही तापवूनच बसवतात. फरक इतकाच, की येथे केसभर चूक झाली तरी चालत नाही. ह्यातले पुष्कळसे ज्ञान पुस्तकात नाही, जुन्या कारागिरांच्या हातात आहे. आणि तो कारागीर निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जाते.

हे काम पगारी माणसांनीच करावे असा नियम नाही, हे प्रथम वेल्समधील टॅलिलिन नावाच्या छोट्या आगगाडीने दाखवले. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी बांधलेल्या ह्या मार्गाचे मालक १९५० साली वारले, तेव्हा रुळांवर इतके गवत माजले होते की गवतानेच रूळ जागेवर धरून ठेवले आहेत असे लोक म्हणत. त्याच वर्षी लेखक रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी संस्था स्थापन केली आणि १९५१ च्या मे महिन्यात गाडी सुरू केली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातील ही पहिली आगगाडी होय.

ह्या हौशी परंपरेशी महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. नेरळ-माथेरान हा दोन फूट रुंदीचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या तीव्र वळणांसाठी ऑरेनश्टाइन आणि कोपेल ह्या जर्मन कारखान्याची चार इंजिने आणली गेली. त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांचा आंस पोकळ होता. त्याच्या पोटात दुसरा भरीव आंस आणि मध्ये गोलाकार सांधा. त्यामुळे वळणावर चाके थोडी तिरपी होऊ शकत, इंजिनाचा सांगाडा मात्र सरळ राही. वाफेचा काळ संपल्यावर ह्यांतील ७४० क्रमांकाचे इंजिन परदेशी गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड येथील स्वयंसेवकांच्या आगगाडीवर त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. तेथील रूळही दोन फुटांचेच आहेत. माथेरानचे इंजिन सातासमुद्रापलीकडच्या हौशी माणसांच्या हाती पडावे, ही अभिमानाची गोष्ट की खेदाची, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

भारतात असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पतियाळा संस्थानात एकाच रुळावर तोल सांभाळीत जाणारी आगगाडी होती. तिचे दुसरे चाक रस्त्यावरून चाले. ती १९२७ साली बंद पडली. मायकेल सॅटॉ ह्या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना १९६२ साली तिचे अवशेष सापडले, आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात त्यातून एक इंजिन पुन्हा उभे राहिले. तेही ऑरेनश्टाइन आणि कोपेलचेच. १९७७ साली दिल्लीत उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात ते आहे. १८५५ साली बनलेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावू लागले. १९९९ साली इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी स्थापन झाली.

तरीही येथील हौशी माणसाची वाट वेगळी आहे. रूळ, इंजिन आणि कारखाना हे सर्व सरकारी असल्यामुळे त्याला वेल्ससारखी गाडी विकत घेऊन चालवता येत नाही, आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विचार करता हे बंधन अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु जुने नकाशे आणि छायाचित्रे गोळा करणे, निवृत्त फिटर व चालकांकडून कामाच्या रीती लिहून घेणे, कोणते इंजिन कोठे उभे आहे याची नोंद ठेवणे, यांस कोणाची मनाई नाही. इंजिन चालते ठेवावयाचे तर तेवढ्यानेही भागत नाही. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्र्यावर ताण पडतो. म्हणून सकाळी दहाची गाडी असेल तर रात्र सरण्यापूर्वीच भट्टी पेटवावी लागते, आणि त्यासाठी शेडमध्ये त्या वेळी यावयास तयार असलेली दोन माणसे लागतात.