ओटा आणि दफ्तर

‘बाजाराची बोली’ : लेखांक सहावा

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आपण शहाजोग हुंडीपाशी थांबलो होतो. ती घेऊन येणारा इसम बाजारात ‘शाह’ म्हणून, म्हणजे पत असलेला गृहस्थ म्हणून, ओळखला जातो की नाही याची खातरजमा करूनच सावकाराने पैसे मोजावेत, असा जो त्या कागदाचा दंडक होता, तो ध्यानात ठेवूनच आजच्या विषयाकडे वळणे इष्ट होईल. कारण आजचा विषय वरकरणी अगदी नवा, प्रत्येकाच्या खिशातल्या काचेच्या पाटीचा असला, तरी त्याच्या मुळाशी तोच जुना प्रश्न बसलेला आहे : समोर आलेला मनुष्य कोणाच्या ओळखीने आला?

सोलापुरात मधल्या मारुतीच्या आसपासच्या पेठांतून हिंडताना चाटी गल्ली लागते. चाटी म्हणजे कापडविक्या. शब्द बोलण्यातून गेला आणि गल्लीच्या नावापुरता उरला. जुन्या धाटणीची कापडाची पेढी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, की रस्त्याच्या अंगाला ओटा, ओट्याच्या आत गादी, आणि गादीच्या कडेला उतरत्या मेजापुढे मांडी घालून बसलेला मुनीम, अशी तिची रचना असे. ओट्यावर जे बोलले जाई त्यात भाव असत, अफवा असत, कोणाचा माल कोठे अडकला आणि कोणाच्या मुलीचे कोठे ठरले याची वार्ता असे, ‘देऊ की, पळून चाललो का’ असली मोघम आश्वासने असत. आणि यांतले बहुतेक सारे चहाच्या वाफेबरोबर विरून जावे अशीच बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची अपेक्षा असे. मुनीमाच्या रोजमेळात आणि खतावणीत जे उतरे ते मात्र टिकण्यासाठीच उतरे. या दोहोंमध्ये अंतर काय ते चार हातांचे. पण कोणता शब्द ते चार हात ओलांडून दफ्तरात जाऊ द्यावा आणि कोणता ओट्यावरच सोडून द्यावा, याचा विवेक म्हणजेच व्यापाऱ्याचे अर्धे शहाणपण होते, असे म्हणावयास मला दिक्कत वाटत नाही.

व्हॉट्सॲपने हे अंतर पुसले. 2011 साली त्यात समूहांची सोय झाली, 2016 साली एका समूहात 256 माणसे बसू लागली, 2022 साली 1024. त्याच 2016 च्या सप्टेंबरात जिओमुळे इंटरनेटचा दर कोसळला आणि 2018 साली दुकानदारांसाठी ॲपची निराळी आवृत्तीही निघाली. ही सनावळी येथेच आटोपती घेतो. तिचा परिणाम मात्र असा झाला, की ओट्यावरची बडबड आणि दफ्तरातली नोंद एकाच ठिकाणी, एकाच लिपीत, तारीख-वेळेच्या शिक्क्यासह उमटू लागली. ओटा खिशात आला आणि येता येता तोच दफ्तर होऊन बसला.

सोलापूरच्या धंद्यात हे साधन इतक्या लवकर मुरले याला या शहराची घडणच कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे तिच्या बरोबरीने लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशी नावे भोंग्यांच्या आवाजावरून ओळखली जाऊ लागली. गिरणीत कापूस एका दाराने आत जाई आणि कापडाच्या गाठी दुसऱ्या दाराने बाहेर पडत; मधल्या साऱ्या क्रिया एका कुंपणात, एका व्यवस्थापकाच्या हुकमाखाली चालत. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1937 साली एक साधा दिसणारा प्रश्न विचारला होता : बाजारात सर्व काही विकत मिळत असताना माणसे मुळात कंपनी कशाला काढतात? त्याचे उत्तर असे, की प्रत्येक कामासाठी माणूस शोधणे, भाव ठरविणे, करार करणे यालाही खर्च पडतो, आणि तो खर्च हुकूम सोडण्याच्या खर्चाहून अधिक झाला की कुंपण घालणे परवडते. याचा व्यत्यास ओघानेच येतो : विचारपूस स्वस्त झाली की कुंपणाची गरज घटते.

सोलापूरच्या गिरण्या काही व्हॉट्सॲपने मोडल्या नाहीत, हे येथे सांगून टाकले पाहिजे. त्यांची दुखणी फार जुनी. पहिल्या गिरणीचा कारभार तर 1949 सालीच ठप्प होऊन 1950 च्या जानेवारीत केंद्र सरकारला खास वटहुकूम काढून तो हाती घ्यावा लागला होता, आणि त्यावरचे भागधारकाचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. परंतु गिरण्यांमागून जे यंत्रमागांचे शहर उरले ते मुळातच विखुरलेले होते. सूत एकाकडचे, रंगणी दुसरीकडे, माग तिसऱ्याच्या शेडमध्ये, टॉवेलच्या कडा शिवणारी बाई चौथ्या वस्तीत, आणि गठ्ठा बांधून ट्रान्सपोर्टला लावणारा पाचवा. या पाचांना जोडून ठेवण्याचे जे काम गिरणीत व्यवस्थापकाचे कार्यालय आणि जॉबर, म्हणजे मुकादम, करीत, ते सायकलवरचा पोऱ्या, नंतर टेलिफोन, आणि आता समूहातला एक निरोप करतो. ‘हिरवे संपले, पोपटी चालेल का’ या प्रश्नासाठी पूर्वी अर्धा दिवस माग बंद राही. आता रंगवलेल्या सुताच्या लडीचे छायाचित्र जाते, अंगठा वर केलेली खूण येते आणि माग चालू होतो.

छायाचित्राने मात्र कापडाचे सारेच सांगून होत नाही. रंग दिसतो, नक्षी दिसते, पण टॉवेलाचा पोत, त्याच्या फासांची दाटी, पाणी टिपण्याची त्याची तऱ्हा हाताला कळते ती डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच शाळेच्या गणवेशाचा जो मोठा धंदा या शहराने उभा केला आहे त्याचे कारखानदार अजूनही प्रदर्शने भरवतात आणि परप्रांतीचे व्यापारी तेथे येऊन कापड चुरगाळून पाहतात. 2020 साली टाळेबंदीत हे चुरगाळणे थांबले, शाळाही बंद राहिल्या, आणि गणवेशाचा हंगाम हातचा गेला तो कोणत्याही ॲपने परत आणून दिला नाही.

नक्षीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल यांना 2005 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान रास्त आहे. तथापि मानांकन राखते ते नाव आणि प्रदेश. अमक्या कारखानदाराने काढलेली मोराची किनार ते राखीत नाही. तिच्यासाठी 2000 सालच्या डिझाइन कायद्याखाली निराळी नोंदणी करावी लागते. ती पहिल्याने 10 वर्षांची आणि पुढे 5 वर्षांनी वाढविता येण्याजोगी असते. पण अर्जापूर्वीच जगजाहीर झालेल्या नक्षीची नोंदणी त्या कायद्याला मान्य नाही. जॅकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची माळ चोरून नेणे ही एके काळी अंगमेहनतीची चोरी होती. आता नवी किनार मागावरून उतरताच कारखानदार कौतुकाने तिचे छायाचित्र शेकडो माणसांच्या समूहात टाकतो, दुपारपर्यंत वाहवा मिळवतो, आणि तसलीच किनार पुढे शेजारच्या पेठेत निघालेली पाहून कपाळाला हात लावतो. त्या छायाचित्राने आपण आपल्याच हाताने नक्षीची दवंडी पिटली, नोंदणीची वाट अडवून ठेवली, हे त्याच्या गावीही नसते. ओट्यावर बोलल्याच्या समजुतीने केलेली गोष्ट दफ्तरात जमा झाली, ती अशी.

आता ओळखीकडे येऊ. सोलापूरचा विणकर बहुसंख्येने पद्मशाली. त्याचे पूर्वज तेलंगणातून आले, घरची भाषा तेलुगू राहिली, पूर्व भागात वस्ती झाली आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की सारा समाज एका रस्त्यावर दिसू लागला. अशा घट्ट गोतावळ्यात उधार सूत मिळते, कामगार मिळतो, वेळेला जामीनही मिळतो. परंतु मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली दाखवून दिले, की नोकरीची नवी बातमी माणसाला जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडूनच अधिक येते. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असते. टॉवेलाच्या गिऱ्हाइकाचेही तेच आहे. ते गिऱ्हाईक पूर्व भागात राहत नाही. ते कोणत्या तरी दूरच्या शहरातल्या ठोक बाजारात बसलेले असते, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारी विरळ धाग्याची ओळख पूर्वी दलालापाशी गहाण असे. समूहाने ती सोडवून आणली, हे या साधनाचे निर्विवाद श्रेय. दलाल मात्र नाहीसा झाला नाही. नवा नंबर समूहात घेताना ‘हा कोणाचा माणूस’ हे विचारले जाते, आणि उत्तर देणारा बहुधा दलालच असतो. शहाजोग हुंडीचा दंडक येथे जसाच्या तसा पुन्हा भेटतो.

उधारीचा स्वभाव मात्र बदलला, आणि हा बदल माझ्या मते या साऱ्या स्थित्यंतराचा सर्वांत खोल भाग आहे. कापडाच्या धंद्यात तीन-चार महिन्यांची उधारी नवलाची नव्हती. तगाद्याला जाणारा गुमास्ता पैसे मागत नसे. तो प्रकृतीची चौकशी करी, पाऊसपाण्याचे बोले, आणि उठताना ‘शेठजींनी आठवण सांगितलीय’ एवढेच म्हणे. देणेकरी घरात असूनही नसे. मुलाकडून ‘बाबा गावाला गेलेत’ असा निरोप येई, आणि गुमास्ता दारातल्या चपला पाहूनही तो खरा मानी. या खोट्याला दोन्ही बाजूंची मूक संमती होती. त्यातून देणाऱ्याची अब्रू आणि घेणाऱ्याचा संबंध, दोन्ही वाचत. 2014 च्या नोव्हेंबरात निरोप वाचल्याची निळी खूण आली, आणि गावाला गेलेल्या बाबांनी सव्वादहाला निरोप वाचल्याचे उघड होऊ लागले. ती खूण बंद करता येते हे खरे. पण बंद केल्याचेही ध्यानात येते आणि बाजार त्याचाही अर्थ लावतो.

त्यातच कायद्याने घाई केली. प्राप्तिकर कायद्यातील एका तरतुदीनुसार, 2023-24 या आर्थिक वर्षापासून, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास करारातल्या मुदतीत, मात्र कमाल 45 दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास 15 दिवसांत चुकते केले नाही, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा घालता येते. तरतूद लहान कारखानदाराच्या हिताची आहे, यात शंका नाही. पण ‘लेखी असेल तर’ ही तिची पहिलीच अट जुन्या बाजाराला परकी आहे. मुदत कागदावर मागणे म्हणजे समोरच्याच्या पतीवर संशय घेणे, असे मानणारी पिढी अजून गादीवर बसलेली आहे.

मग समूहातले बोलणे न्यायालयात उभे राहते काय? 1872 च्या पुरावा कायद्याने व्यापाऱ्याच्या नियमित ठेवलेल्या वह्या ग्राह्य धरल्या होत्या, परंतु केवळ त्यांच्या आधारावर कोणावर देणे लादता येणार नाही, असेही बजावले होते. आपलीच वही आपलाच साक्षीदार होऊ शकत नाही, ही त्यामागची उमज होती. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील नोंदींना पुढे त्याच कायद्यात जागा मिळाली. त्या कशा सिद्ध कराव्यात याचा निकाल जालन्याच्या एका प्रकरणाने लावला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तेथे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर घेतले गेले की काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला. आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर त्याच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली, तरी प्रमाणपत्राची अट राहिलीच. टॉवेलाच्या उधारीशी निवडणुकीचा काय संबंध, असे वाचकांस वाटेल. पण पडद्याची छबी घेऊन वकिलाकडे धावत जाणाऱ्या व्यापाऱ्याला ‘प्रमाणपत्र आहे का’ हा पहिला प्रश्न आज याच निकालामुळे विचारला जातो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री चोपडीवर हळद-कुंकू वाहतात. फोनवर अजून कोणी वाहिल्याचे मी पाहिले नाही. वास्तविक त्या चोपडीपेक्षा अधिक व्यवहार आता त्याच्यात आहे. फोनमध्ये पुसण्याचीही सोय आहे, जी शाईत नव्हती. पण सर्वांसाठी पुसलेल्या निरोपाच्या जागी ‘हा निरोप पुसला आहे’ अशी ओळ उरते, आणि काय पुसले असेल यावर समूहात जी चर्चा रंगते ती मूळ निरोपावर कदापि रंगली नसती.

लिहिणे ज्याला जड जाते तो बोलून पाठवतो. पूर्व भागातला कारखानदार सूतवाल्याला तेलुगूत बोलतो, विजापूर वेशीकडच्या दुकानदाराशी कानडीत, आणि दूरच्या गिऱ्हाइकाशी आपल्या दखनी हिंदीत. मराठी निरोप मात्र बहुधा लिहून जातो. असाच बोलून पाठवलेला एक सात सेकंदांचा तेलुगू निरोप एका वृद्ध सूतव्यापाऱ्याने मला ऐकविला. त्यात एकच कामाचा शब्द होता, ‘पंपिस्ता’, म्हणजे ‘पाठवतो’. पैसे पाठवतो की माणूस पाठवतो, आज की सवडीने, काहीच स्पष्ट नव्हते. न्यायालयात तो न्यावयाचा तर त्याचे भाषांतर लागेल, प्रमाणपत्र लागेल, आणि तरीही मुदत कोणती हा प्रश्न उरेलच. वृद्धाने तो पुन्हा लावला, फोन कानाशी धरून डोळे मिटले, आणि मुनीमाला म्हणाला, “शुक्रवारपर्यंत थांब. रक्कम मांडू नकोस अजून.”

(पुढील लेखांकी : मालाबरोबर चालणारे कागद — बिल्टीपासून ई-वे बिलापर्यंत)