ऑडिट लॉगच्या जुन्या नोंदी : किती काळ जपाव्यात, केव्हा काढाव्यात?

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीला त्या हिशेबांतील फेरफारांची नोंद, म्हणजेच ‘ऑडिट ट्रेल’, राखणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे. या नोंदींचा साठा वर्षागणिक वाढत असून जुन्या नोंदींचे काय करावे, हा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे उभा आहे. जागा मोकळी करण्यासाठी त्या काढून टाकता येतात; मात्र कोणत्या, केव्हा आणि कोणाच्या संमतीने, हे आधी ठरवून लिहून ठेवणे आवश्यक असते.

वहीपासून संगणकापर्यंत

जुन्या नोंदी न खोडता नव्या नोंदी करण्याची पद्धत मराठी समाजाला अपरिचित नाही. वाराणसीतील दूधविनायक, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आहेत. काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंची नावे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत नोंदवून ठेवतात. यजमान आला की त्याच्या पूर्वजांचा लेख काढून दाखवला जातो आणि नव्या पिढीची नावे त्यात जोडली जातात. जुना लेख खोडला जात नाही.

वस्तू व सेवा कराच्या नियमांचे तत्त्वही हेच आहे. केंद्रीय नियमावलीतील नियम ५६ नुसार हिशेबातील नोंद पुसता किंवा गिरवता येत नाही. चुकीची नोंद स्वाक्षरीनिशी रेघ मारून रद्द करावी लागते आणि तिच्यानंतर योग्य नोंद करावी लागते. हिशेब संगणकावर असल्यास बदललेल्या किंवा वगळलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवावा लागतो. कंपनी कायद्याखालील ऑडिट ट्रेलचा नियम केवळ कंपन्यांना लागू आहे; वस्तू व सेवा कराचा हा नियम मात्र नोंदणीकृत दुकानदार आणि भागीदारी संस्थांनाही लागू होतो.

साठा का वाढतो?

ऑडिट लॉगमध्ये फेरफार कोणी केला, कोणत्या तारखेला व वेळेला केला, आधीचा आकडा कोणता होता आणि नंतरचा कोणता, ही माहिती साठवली जाते. एका बिलात दर, प्रमाण आणि ग्राहकाचे नाव असे तीन बदल झाले, तर बिल एकच राहते. पण लॉगमध्ये अनेकदा तीन ओळींची भर पडते. त्यामुळे मूळ व्यवहारांपेक्षा लॉग अधिक वेगाने फुगतो. रात्रीचा बॅकअप लांबतो, अहवाल निघण्यास विलंब होतो आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवणे कठीण होते.

मुदती वेगवेगळ्या

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. त्यानुसार २०२३-२४ या वर्षाच्या नोंदी किमान ३१ मार्च २०३२ पर्यंत ठेवणे भाग आहे. ऑडिट ट्रेल विहित काळापर्यंत जतन केला आहे किंवा कसे, यावर लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात भाष्य करावे लागते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिन्यांची मुदत आहे. अपील प्रलंबित असल्यास ती वाढते.

सायबर सुरक्षेसाठी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत १८० दिवसांची मुदत दिली आहे. ती सर्व्हर, फायरवॉल यांसारख्या यंत्रणांच्या लॉगसाठी आहे. हीच मुदत हिशेबाच्या लॉगला लावून सहा महिन्यांनंतर तो पुसून टाकणे, ही घोडचूक ठरू शकते.

जुन्या नोंदींचे महत्त्व पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेच्या प्रकरणाने दाखवून दिले. हे प्रकरण २०१८ च्या प्रारंभी उघड झाले. तपासाचे धागे मात्र २०११ पर्यंत मागे गेले. हमीपत्रांचे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून परदेशी पाठवले गेले आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच झाली नाही, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. अशा वेळी दोन यंत्रणांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात; त्यांतील एक पुसलेली असेल, तर तुलनाच अशक्य होते.

आधी स्थलांतर, मग निर्मूलन

नोंदी चालू प्रणालीतून हलवून स्वतंत्र, केवळ वाचता येईल अशा साठ्यात ठेवणे म्हणजे अभिलेखन. त्या कायमच्या नष्ट करणे म्हणजे निर्मूलन. या दोन क्रियांत गल्लत होता कामा नये.

प्रथम महिन्या-महिन्यांचे गट पाडून नोंदींची प्रत नव्या साठ्यात घेतली जाते. दोन्हीकडील नोंदींची संख्या जुळवली जाते आणि प्रत्येक गटाची ‘हॅश’, म्हणजे मजकुरात अक्षराचाही बदल झाल्यास बदलणारी खूण, तपासली जाते. त्यानंतरच मूळ नोंदी कामकाज कमी असताना थोड्या-थोड्या करून वगळल्या जातात. चौकशी, दावा किंवा अपील चालू असलेल्या नोंदींना मात्र हात लावला जात नाही.

मुदत पूर्ण झाल्यावर निर्मूलनाची मागणी एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी. काय काढले, कोणत्या काळातील होते, कोणी संमती दिली, याची नोंद कायम राहावी. नोंदी अनंतकाळ साठवणे हा मात्र सुरक्षित मार्ग नव्हे. लॉगमध्ये ग्राहकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांकही असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे सूत्र असे, की हेतू संपल्यावर आणि अन्य कायद्याचे बंधन नसल्यास अशी माहिती पुसली पाहिजे.

वाचता येणेही आवश्यक

पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर रुमालांत बांधून जपले गेले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मात्र, मोडी वाचणारे थोडे असल्याने उरलेले बहुतांश कागद आजही सामान्य वाचकाला अगम्य आहेत. संगणकातही हेच घडते. सॉफ्टवेअर बदलले, परवाना संपला किंवा सांकेतिक शब्द हरवला, तर जपलेला साठा असून नसल्यासारखा होतो.

म्हणून नोंदी सर्वत्र उघडता येतील अशा साध्या स्वरूपात ठेवणे आणि वर्षातून एकदा एखादा जुना महिना प्रत्यक्ष काढून वाचून पाहणे हिताचे ठरते. तीर्थोपाध्यायांची वही यजमान आला की उघडली जाते, त्यामुळे तिच्यातील लेख सापडतो की नाही, हे वरचेवर कळते. संगणकातील जुन्या लॉगसाठी असा यजमान येत नाही; त्याची तपासणी वेळापत्रकात लिहून ठेवूनच करावी लागते.