कोकीतला कांदा आणि मांजर

फाळणीनंतर कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची जी वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली जिला उल्हासनगर हे नाव मिळाले, त्या वसाहतीतील एखाद्या गल्लीतून आजही सकाळी चालत गेले असता तव्यावरच्या कोकीचा, म्हणजे कणकेत कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर कालवून लाटलेल्या जाड पोळीचा, खमंग वास येतो. आणि जेथे तो वास तेथे उंबरठ्यावर शेपटी पायांभोवती गुंडाळून बसलेले एखादे मांजरही बहुधा असतेच. माझ्या परिचयाच्या एक वृद्ध सिंधी आजी अशा पाहुण्यास कोकीचा तुकडा सायीत कुस्करून नित्यनेमाने घालीत. "बेटा, कोथमीर मांजराला चालते ना?" असे त्यांनी मला एकदा विचारले. शंका रास्त होती, मात्र आरोपी भलताच धरला गेला होता.

कोथिंबीर निर्दोष आहे. साई भाजीत पडणारा शेपूही निरुपद्रवी. पुदिना फार खाल्ला तर मांजर ओकते, इतकेच. खरा गुन्हेगार कांदा, आणि त्याहून जहाल त्याचा भाऊबंद लसूण. पातीच्या कांद्यालाही यातून माफी नाही. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तात उतरून हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात, आणि अशा हल्ल्यास सहज बळी पडणाऱ्या जागा हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर मनुष्यात २, कुत्र्यात ४, तर मांजरात ८ असल्यामुळे, जो कांदा आपण भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खातो तोच या प्राण्याच्या रक्ताची नासाडी करतो. रंगविलेल्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशीच्या अगदी काठाशी चिकटलेला एक मणी दिसतो: तो बिघडलेल्या हिमोग्लोबिनचा गोळा, हाइन्झ पिंड. अशा पेशी अकाली फुटतात.

प्रमाण म्हणाल तर वजनाच्या दर किलोस सुमारे ५ ग्रॅम कांदा बाधतो, म्हणजे ४ किलोच्या मांजरास २० ग्रॅम, एका मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. शिवाय रोज थोडा थोडा पोटात गेला तरी अपाय साचत जातो, आणि परतून, तळून किंवा वाळवून विष उतरत नाही. लक्षणे पुष्कळदा काही दिवसांनी प्रकटतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, मूत्र गडद तपकिरी होते, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागते. तोवर मंगळवारी घातलेला तुकडा कोणाच्या ध्यानात राहणार?

दुसरी उणीव यकृताच्या दप्तरातली. वनस्पतींतील अनेक द्रव्यांवर ग्लुकुरोनिक आम्लाची मोहोर उमटवून त्यांची शरीराबाहेर रवानगी करण्याचे जे काम आपले यकृत बिनबोभाट करते, त्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे जनुक, पिढ्यान्‌पिढ्या मांसावरच जगलेल्या या प्राण्यात निकामी होऊन पडले आहे. बदलापूरच्या एखाद्या गॅलरीत जुन्या डब्यात लावलेल्या पानओव्याचे पान चावून मांजर ओकले तर फारसे बिघडत नाही. परंतु या उणिवेमुळे ओव्याचा अर्क किंवा निलगिरीचे तेल त्याच्या अंगास चोळणे म्हणजे, ज्या मालास बाहेरची वाटच नाही तो कोठारात कोंबणे होय. पॅरासिटामॉलचाही मामला याच जातीचा: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. तापाने फणफणलेल्या मांजरास दयाबुद्धीने ती देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना कांद्याबद्दल सांगण्याआधी मी गोळीबद्दल सांगतो.

कुंडीतल्या गवती चहाचे टोक कातरण्याचा मांजरांना विशेष छंद असतो, आणि त्यानंतरची हिरवट ओकारी ती नेमकी पायपुसण्यावरच काढतात. त्यात काळजीपेक्षा धुण्याचा त्रास अधिक.

आजींनी मात्र त्याच दिवसापासून बंदोबस्त केला. कांदा घालण्यापूर्वी कणकेचा एक लहान गोळा बाजूला काढून त्याची निराळी पोळी त्या भाजू लागल्या. पहिल्या सकाळी ती सायीत कुस्करून पुढे ठेवली. मांजराने ती हुंगली, साय तेवढी चाटून घेतली आणि पोळी तशीच टाकून ते शेजारच्या दाराशी जाऊन बसले.