जुन्या व आयात मोटारींची नंबरप्लेट (युनायटेड किंग्डम)

युनायटेड किंग्डममध्ये मोटारीची नंबरप्लेट केवळ बसण्याजोगी असून भागत नाही. तिच्यावरील अक्षरांची उंची, रुंदी व त्यांमधील अंतर कायद्याने ठरलेले आहे. जुन्या व परदेशांतून आणलेल्या मोटारींवर पाटीसाठी असलेली जागा निराळ्या आकाराची असते. त्यामुळे अशा गाडीसाठी योग्य पाटी निवडणे हा आवडीचा नव्हे, तर मोजमापाचा प्रश्न ठरतो.

प्रमाणित मापे

१ सप्टेंबर २००१ पासून बसवलेल्या मोटारींच्या पाट्यांवर प्रत्येक अक्षर ७९ मिमी उंच व ५० मिमी रुंद असावे लागते. ‘१’ हा अंक व ‘आय’ हे रोमन अक्षर यांना रुंदीचा नियम लागू नाही. दोन अक्षरांत ११ मिमी, दोन गटांत ३३ मिमी आणि कडेला किमान ११ मिमी अंतर ठेवतात. यावरून चार व तीन अशा गटांतील सात अक्षरांच्या क्रमांकास एका ओळीत ४६० मिमी रुंदी लागते. सर्वसाधारण पाटी ५२० × १११ मिमी असते, ती यासाठी पुरेशी होते. दोन ओळींत, मध्ये १९ मिमी अंतर ठेवून, हाच क्रमांक २५५ × १९९ मिमी जागेत मावतो. म्हणून २७९ × २०३ मिमीची चौकोनी पाटी अनेक जुन्या गाड्यांना सोयीची ठरते.

आयात मोटारींसाठी सवलत

जपानी पाटी ३३० × १६५ मिमी, तर अमेरिकी पाटी सुमारे ३०५ × १५२ मिमी असते. त्या मापाच्या खोबणीत वरील दोन्ही पाट्या मावत नाहीत. अशा वेळी ६४ मिमी उंच व ४४ मिमी रुंद अक्षरे वापरता येतात. मात्र त्यासाठी गाडी आयात केलेली असावी, तिला युरोपीय वाहन-प्रकार मान्यता नसावी आणि तिच्या रचनेमुळे प्रमाणित पाटी बसवणे शक्य नसावे. या अक्षरांची दोन ओळींची पाटी २२८ × १६३ मिमी होते. ती जपानी खोबणीत नेमकी बसते. अमेरिकी खोबणीत मात्र उंची ११ मिमीने कमी पडते. केवळ लहान पाटी देखणी दिसते, हे कारण ग्राह्य नाही.

काळ्या पाट्या

१ जानेवारी १९८० पूर्वी तयार झालेल्या आणि ‘ऐतिहासिक’ करवर्गात नोंद असलेल्या वाहनांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, रुपेरी किंवा करडी अक्षरे असलेली पाटी लावता येते. इतर मोटारींना पुढे पांढरी व मागे पिवळी पाटी आवश्यक आहे.

नियमभंगाचे परिणाम

चुकीच्या पाटीबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो व गाडी ‘एमओटी’ या वार्षिक तपासणीत अनुत्तीर्ण ठरू शकते. नोंदणीकृत पुरवठादार ग्राहकाची ओळख व त्या क्रमांकावरील हक्क दर्शवणारी कागदपत्रे पाहूनच पाटी देतो. ती मागवण्यापूर्वी खोबणीची लांबी, उंची व दिव्याची जागा मोजून घेणे हिताचे असते.

भारतातील तुलना

भारतात मोटारींच्या अतिसुरक्षित पाट्या ५०० × १२० मिमी किंवा ३४० × २०० मिमी मापाच्या असतात. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्याने नोंदलेल्या अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.