यादीत नाव घातल्यानं पान वर येतं का?

गेल्या खेपेला इथेच, नरखेडच्या वाचनालयात, आम्ही शब्दप्रमाणावर बोललो होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेलं ज्ञान खरं केव्हा मानायचं, असा तो विषय. व्याख्यान संपलं, खुर्च्या उचलणं चाललं होतं, तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी थांबून राहिला. जलालखेड्याच्या बाजूला त्याची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तो म्हणाला, “सर, प्रमाणाचं समजलं. पण तुम्ही मागं म्हणाले होते, वेबसाइटचं नाव डिरेक्टऱ्यांमधी टाक, म्हणून मी तीनशे ठिकाणी टाकलं. आठ हजार गेले. साइट तं अजूनही गूगलवर दिसत नाही. काहून?”

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. सल्ला आमचा होता. आज त्याचंच उत्तर देतो आहोत. घरी जाऊन वाचलं, विचारलं, आणि आपण कुठे चुकलो ते कळलं.

डिरेक्टरी म्हणजे काय, ते आधी. इंटरनेटवरच्या संकेतस्थळांची विषयवार लावलेली यादी. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा, त्यातली ती पिवळी पानं. 1994 साली अमेरिकेत जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी अशी एक यादी केली, तिचंच पुढे याहू झालं. 1998 साली दुसरी मोठी यादी निघाली, डीमॉझ या नावानं ओळखली जाणारी. तिचं वैशिष्ट्य असं की ती जगभरचे स्वयंसेवक चालवीत. तुम्ही अर्ज करायचा, मग त्या विषयाचा संपादक तुमचं पान उघडून वाचायचा आणि योग्य वाटलं तर नाव घालायचा. कित्येकांना महिनोन्‌महिने उत्तर येत नसे. याहू तर व्यापारी संकेतस्थळाकडून वर्षाला 299 डॉलर घेई, आणि ते पैसे तपासण्याचे असत, नाव घालण्याचे नव्हेत. तपासून नाकारलं तरी पैसे परत नाहीत! आमच्या मते हा फरक फार महत्त्वाचा आहे. पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

आता गूगल. त्याच 1998 च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पानांचा क्रम लावायची एक रीत मांडली. एका पानानं दुसऱ्या पानाचा दुवा दिला, म्हणजे त्यानं त्याच्याविषयी साक्ष दिली. पण सगळ्या साक्षी सारख्या नाहीत. ज्याच्याकडे स्वतः पुष्कळ दुवे येतात त्याची साक्ष वजनदार. आणि ते वजन तो जितक्यांचे दुवे देईल तितक्यांत वाटलं जातं. दहा जणांची शिफारस करणाऱ्याची शिफारस आणि पाचशे जणांची करणाऱ्याची शिफारस, यांत जो फरक गावातला सावकारही ओळखतो, तोच इथे गणितात बसवला होता. डीमॉझमध्ये नाव असणं त्या हिशेबात खरंच मोलाचं होतं. गूगलनं ती यादी घेऊन स्वतःची डिरेक्टरीही चालवली. आम्ही नोकरीत असताना कॉलेजचं पान एका यादीत घातलं गेलं आणि ते शोधात वर आलं, असं आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. तोच अनुभव आम्ही पंधरा वर्षं जपून ठेवला आणि या मुलाच्या हातात दिला.

मधल्या काळात काय झालं? दुव्याला वजन आहे असं लोकांना कळलं, तेव्हा दुवे विकणारे निघाले. कुणी वाचायचं नाही, कुणी तपासायचं नाही. पैसे भरा, नाव घाला. अशा हजारो याद्या झाल्या. त्या वाचायला कुणी माणूस जात नसे, त्या फक्त यंत्राला दाखवण्यासाठी होत्या. 2005 मध्ये दुव्यावर एक खूण करायची सोय आली, ‘नोफॉलो’ म्हणतात तिला. अर्थ एवढाच की हा दुवा आम्ही दिला असला तरी आमची शिफारस समजू नका. अनेक याद्या आपल्या सगळ्याच दुव्यांवर ती खूण करतात. म्हणजे पैसे घेऊन नाव घालायचं आणि कानात सांगायचं की आमचा काही संबंध नाही!

मग 24 एप्रिल 2012 ला गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला. विकत घेतलेल्या, ओढून आणलेल्या दुव्यांच्या जोरावर वर चढलेली पानं त्यानं खाली ढकलली. 2016 मध्ये तो थोडा मवाळ झाला. शिक्षा करण्यापेक्षा असले दुवे मोजायचेच नाहीत असं धोरण आलं. आज गूगलच्या नियमांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतले दुवे ही स्पष्टपणे दुव्यांची फसवणूक म्हणून नोंदलेली आहे. गूगलची स्वतःची डिरेक्टरी 2011 मध्ये बंद झाली, याहूची 2014 च्या अखेरीस, डीमॉझ मार्च 2017 मध्ये. आम्ही सल्ला दिला तेव्हा यातलं एकही दार उघडं नव्हतं.

तेव्हा त्या मुलाच्या ‘काहून’चं सरळ उत्तर असं: ते तीनशे दुवे बहुतेक मोजलेच गेले नाहीत. त्यामुळे साइट बुडाली असं समजायचं कारण नाही, पण तरलीही नाही.

नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, हे गेल्या वेळी सांगितलंच. ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही हवं. डीमॉझचा संपादक पान वाचत असे, म्हणून त्याचा शब्द चालला. याहूचे 299 डॉलरही वाचण्याचे होते. तीनशे याद्यांच्या मालकांपैकी कुणीही नरखेड तालुक्यातली ती रोपवाटिका पाहिली नव्हती, तिचं पानसुद्धा वाचलं नव्हतं. जाणणंच नाही, तर शब्द कशाचा? आणि आमच्याबद्दल म्हणाल, तर आमची इच्छा चांगली होती. जाणणं शिळं होतं.

पण म्हणून यादी अगदी निरुपयोगी, असंही आम्ही म्हणणार नाही. इथे जरा थांबावं लागेल.

‘माझ्याजवळची संत्रा रोपवाटिका’ असं कुणी शोधलं, तर गूगल नकाशावरची नावं दाखवतं. त्यांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल सांगतं: विचारलेल्याशी मेळ, अंतर, आणि त्या जागेची ख्याती. पैसे देऊन हा क्रम बदलत नाही, असंही सांगतं. ख्यातीत इंटरनेटवर इतरत्र असलेल्या उल्लेखांचा विचार होतो. इथे चांगल्या यादीचा थोडा हात लागतो, पण साक्ष म्हणून नव्हे, ओळख म्हणून. नाव, पत्ता, फोन चार ठिकाणी सारखा दिसला तर यंत्राला खात्री वाटते की हा धंदा खरा आहे आणि इथेच आहे. आता आपली अडचण बघा. सोलापूरकडे मोहोळ तालुक्यात दुसरं नरखेड आहे. आपलं मोवाड इंग्रजीत कुणी ‘डब्ल्यू’नं लिहितो, कुणी ‘व्ही’नं; जलालखेड्याच्या शेवटी कुणी ‘ड’ लिहितो, कुणी ‘र’. माणूस समजून घेतो. यंत्राला मात्र सारखं लिहिलेलं बरं.

आणि नेमकं हेच त्या आठ हजारांत बिघडलं. काम घेणाऱ्यानं पत्त्यात फक्त ‘नरखेड’ लिहिलं आणि फोन धाकट्या भावाचा दिला, कारण अर्ज भरताना तोच हजर होता. भाऊ बुटीबोरीला कंपनीत. जुलैत, पाऊस धरल्यावर, लागवडीच्या ऐन वेळी पांढुर्ण्याकडचा एक शेतकरी पिकअप घेऊन कलमं न्यायला आला आणि नरखेडच्या रेल्वे स्टेशनापाशी उभा राहून फोन करत बसला. भाऊ पाळीवर. त्या माणसानं शेवटी वरुडचा रस्ता धरला आणि शेंदुरजना घाटाहून कलमं नेली. तिथे काय कमी रोपवाटिका आहेत!

जस्टडायल, इंडियामार्ट यांसारख्या मोठ्या याद्यांची गोष्ट आणखी निराळी. दोन्ही 1996 पासूनच्या. तिथे माणसं स्वतःहून शोधायला जातात, आणि गूगलवरही पुष्कळदा त्यांचंच पान वर येतं. तिथे नाव असलं तर गिऱ्हाईक येऊ शकतं. पण वर आलेलं पान त्यांचं, तुमचं नाही. बाजारात दुसऱ्याच्या ओट्यावर बसल्यासारखं ते आहे. बसावं, ओटा आपला समजू नये.

आम्ही त्या मुलाला आता वेगळीच यादी सुचवली आहे. राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ रोपवाटिकांना मान्यता देतं, त्यांची यादी ठेवतं. त्यासाठी माणसं येऊन पाहतात: मातृवृक्ष कसे आहेत, कलम कोणत्या खुंटावर बांधलं आहे, जंभेरीवर की रंगपूर लिंबावर. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त रोपांचं काम चालतं, तेही जाऊन बघ म्हटलं. अशा यादीतलं नाव गूगलला किती भावेल ते गूगल जाणे; पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला कळेल. संत्र्याचं झाड फळावर यायला चार-पाच वर्षं लागतात. कलम खोटं निघालं तर तितकी वर्षं गेल्यावर समजतं, म्हणून कलम घेणारा कुणी तरी पाहून सांगितलेलं असेल तरच घेतो.

बाकी निस्तरणं चालू आहे. तीन दुपारी आम्ही दोघं त्याच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो. नकाशावरची खूण स्टेशनावरून हलवून बागेच्या फाटकावर आणली, गावाचं नाव एकाच तऱ्हेनं लिहिलं. तीनशेंपैकी काही याद्या आता उघडतच नाहीत. काहींना दुरुस्तीसाठी लिहिलं, एक-दोघांनी त्याचेही पैसे मागितले, ते दिले नाहीत. जिथे नंबर बदलत नाही तिथला फोन अजून भावालाच जातो; तो पाळी सुटल्यावर नंबर दादाला पाठवतो. आठ हजारांतले निम्मे आम्ही देऊ केले, तर म्हणाला, “राहू द्या सर, पुढच्या वेळी विचारून सांगजा.”

आता तुमचे प्रश्न घेऊ.